मुलांना वर्षानुवर्षं वापरात राहील असं गिफ्ट काय द्यावं? (भाची ५, भाचा ८)

मानपाड्याची_आत्या:
नमस्कार सगळ्यांना. माझ्या भावाची दोन मुलं, भाची आता पाच पूर्ण करेल आणि भाचा आठ, दोघांचे वाढदिवस लागोपाठ येतात आणि दरवर्षी मी त्याच प्रश्नाशी अडते की द्यायचं काय. भाऊ ऐरोलीला राहतो, वन बीएचके, आई-बाबा पण त्यांच्याकडेच असतात, त्यामुळे जागेचा विचार आधी करावा लागतो. मागच्या वर्षी सोसायटीच्या हॉलमध्ये वाढदिवस केला, बिल्डिंगमधली सगळी मुलं आलेली, गिफ्टचा ढीग लागला. मग दिवाळीच्या साफसफाईला मी वहिनीच्या मदतीला गेले तेव्हा माळ्यावरून दोन मोठ्या पिशव्या खाली काढल्या. रिमोटची गाडी, चार्जिंगची पिन तुटलेली. बोलणारी बाहुली, जी आता बोलत नाही. किचन सेटची भांडी आहेत तर झाकणं नाहीत, आणि तीन पझलचे तुकडे एकमेकांत मिसळलेले. वहिनी म्हणाली हे टाकवतही नाही आणि ठेवायला जागाही नाही. लोकांनी पैसे मनापासून खर्च केलेले असतात, मुलांना त्या दिवशी आनंदही झालेला असतो, पण महिन्याभरात कोणी हात लावत नाही.

आणि त्याच घरात टीव्हीखालच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात माझ्या भावाच्या लहानपणीचं मेकॅनिक्स आहे, त्या भोकंवाल्या पट्ट्या, नटबोल्ट, छोटा पाना, चाकं. बऱ्याच पट्ट्यांचा रंग उडालाय. भाचा शाळेतून आला की आधी तो डबा उघडतो. परवा त्याने त्यातून आजोबांच्या चष्म्यासाठी स्टँड बनवला, वाकडा आहे पण आजोबा रोज त्यातच चष्मा ठेवतात.

तर मला हे समजून घ्यायचंय की अशी टिकणारी वस्तू दुकानात उभं असताना ओळखायची कशी. दोघांचं मिळून बजेट पाच हजारांपर्यंत. मोबाइल, टॅब, स्मार्टवॉच नको. ऑनलाइन याद्या भरपूर वाचल्यात, सगळीकडे तेच तेच, म्हणून ज्यांच्या घरी एखादी वस्तू खरंच तीन-चार वर्षं वापरात राहिली असेल त्यांनी प्लीज सांगा.

कोपरखैरणे_बालवर्ग:
ताई, त्या मेकॅनिक्सच्या डब्याचंच बघा ना. पट्टी स्वतःहून काहीच करत नाही, जे काही होतं ते पोरगं करतं. बोलणाऱ्या बाहुलीचं बटण दाबलं की ती ठरलेली चार वाक्यं बोलते, ती पाठ झाली की परत दाबायला कारणच उरत नाही. मी बालवर्गाला शिकवते आणि वर्षानुवर्षं हेच बघतेय, खेळणं जितकं जास्त करतं तितकं मूल कमी करतं. दुकानात हा एक प्रश्न स्वतःला विचारा, या वस्तूचं आज एक, उद्या दुसरं आणि पुढच्या वर्षी तिसरंच काहीतरी होऊ शकतं का?

माझं उत्तर लाकडी ठोकळे. एबीसीडी छापलेले रंगीत छोटे क्यूब नाही, ते दोन वर्षांच्या बाळांसाठी ठीक आहेत. मी म्हणतेय ते साधे, बिनरंगाचे, एका मापात बसणारे. याला युनिट ब्लॉक म्हणतात, अमेरिकेतल्या कॅरोलिन प्रॅट नावाच्या शिक्षिकेने साधारण १९१३ च्या सुमाराला हे माप बसवलं आणि अजून तेच चालतं. गंमत मापातच आहे. रुंदी जाडीच्या दुप्पट, लांबी रुंदीच्या दुप्पट. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक इंच तीन सूत जाड (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मग याचा निम्मा, याचा दुप्पट, चौपट, कर्णावर कापलेला त्रिकोण, असे सगळे. दोन निम्मे ठेवले की एक पूर्ण होतो, भिंत वर बरोबर एका पातळीत येते. निम्मं-दुप्पट कोणी न शिकवता हाताला कळायला लागतं, पुढे तिसरी-चौथीत अपूर्णांक आले की ही मुलं घाबरत नाहीत, हे मी आमच्या शाळेतून वर गेलेल्या मुलांमध्ये बघितलंय.

आणि वयाचं म्हणाल तर तीन वर्षांचं मूल नुसती रांग लावतं नाहीतर एकावर एक चढवतं. चौथ्या वर्षी पूल सुरू होतो, दोन उभे एक आडवा, आणि तो पहिल्यांदा जमला की मूल मान वर करून आपल्याकडे बघतं, तो चेहरा बघण्यासारखा असतो. पाचव्या वर्षी घर, गोठा, स्टेशन, त्यात बाहुल्या, गाड्या, घरातल्या वाट्या-चमचे सगळं येतं. आठ-नऊचे उतार करतात, गोट्या सोडतात, किती उंचीवरून सोडली तर गोटी कुठपर्यंत जाते यावर भांडतात. म्हणजे तुमच्या भाची-भाच्याला एकच वस्तू चालेल आणि दोघं वेगवेगळं खेळतील.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. संख्या पुरेशी हवी, दहा-बारा ठोकळ्यांत काही उभं राहत नाही आणि मूल वैतागतं, चाळीस-पन्नास तरी हवेत. आणि बाहेरचे ब्रँडेड सेट महाग पडतात म्हणून सरळ सुताराकडून करून घ्या. ओळखीच्या कोणाकडे फर्निचरचं काम चालू असेल तर लाकडाचे उरलेले तुकडे असतातच, त्यातूनही होतात. फक्त प्लायचे नको, कडेचे पापुद्रे निघतात आणि बोटात कुसळ जातं.

नौपाडा_जुना:
मी सत्तरीचा आहे, आमच्याकडे दोन नातवंडं. ताई, तुमचे आई-वडील त्याच घरात आहेत हे तुम्ही ओघात लिहिलंत पण माझ्या दृष्टीने तेच महत्त्वाचं आहे. कॅरम घ्या. जी वस्तू घरातली मोठी माणसंही हौसेने खेळतात ती माळ्यावर जात नाही, कारण मुलांचा मूड गेला तरी आजोबांचा असतो, आजोबांचा गेला तर बाबांचा असतो, शेजारचे येतात, पाहुणे येतात, लाइट गेले की तर हमखास निघतो.

घ्यायचा तर पूर्ण मापाचा घ्या, आतली खेळायची जागा २९ इंच. मुलांसाठी म्हणून जो छोटा बोर्ड विकतात त्याला रिबाउंड नसतो, म्हणजे कडेला आपटून स्ट्रायकर नीट परत येत नाही, वर्षभरात मुलाचा हात तयार होतो आणि बोर्ड त्याला पुरत नाही. आठ वर्षांचा मुलगा मोठ्या बोर्डावर आरामात खेळतो, पाच वर्षांच्या मुलीला स्टुलावर बसवा, सुरुवातीला तिने स्ट्रायकर हवा तिथून मारला तरी चालवून घ्या. वन बीएचकेत जागेची काळजी नको, दाराच्या मागे उभा राहतो. फक्त पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवू नका, ठाण्याच्या आणि खाडीच्या हवेत प्लाय फुगतो आणि मग सोंगटी मध्येच वळते, खाली लाकडाची पट्टी ठेवा आणि वर जुनी चादर घाला. बोरिक पावडर वापरत असाल तर खेळून झाल्यावर हात धुवायची सवय लावा, ती पोटात जाता कामा नये.

दुसरं, मासिकाची वर्गणी. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, मीच नोकरीला लागल्यावर धाकट्या भावासाठी लावलं होतं, आता नातवाला लावलंय. मुद्दाम अंक त्याच्या नावाने पोस्टाने मागवतो. पाकिटावर स्वतःचं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, पिनकोड छापलेला बघून त्याची चाल बदलते, वॉचमनकडून तो स्वतः घेऊन येतो आणि जेवायच्या आधी पाकीट कोणाला फोडू देत नाही. जुने अंक दिवाणाच्या खणात आहेत, सुट्टीत परत काढून वाचतो. वर्षाची वर्गणी एका पिझ्झाच्या आसपास पडते. आणि भाचरं ठाण्यात तुमच्याकडे राहायला येत असतील तर मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जा, १८९३ ची संस्था आहे, आपल्या गावात इतकी जुनी वाचनालयं आहेत आणि मुलांना ती माहीतच नसतात याचं मला फार वाईट वाटतं.

सीवूड्सची_मनू:
वरच्या दोघांचंही पटतंय पण मला थोडं वेगळं सांगायचंय. लाकडाचं म्हणजे चांगलं आणि प्लास्टिकचं म्हणजे वाईट असं मला नाही वाटत. आमच्याकडे सुंदर लाकडी सेट आलेत जे शोकेसमध्येच राहिले कारण माझ्या मुलीला बांधकामात रसच नव्हता, आणि स्टेशनबाहेरून घेतलेला प्लास्टिकचा डॉक्टर सेट ती चार वर्षांची असल्यापासून आता आठ वर्षांची होईपर्यंत वापरतेय. स्टेथोस्कोपची नळी सुटली तेव्हा तिच्या बाबांनी सलाइनची नळी लावून दिली. आधी बाहुल्या पेशंट होत्या, मग आजी, मग सोसायटीतली मांजरं, आता ती वहीत केस पेपर लिहिते, नाव, वय, काय होतंय, औषध. त्यात लिहिणं-वाचणं पण आलं की.

म्हणून माझं म्हणणं असं की वाढदिवसाच्या आधी एक-दोनदा त्यांच्या घरी जा आणि काही न बोलता बघा की मुलं सध्या काय खेळतायत. कोणतं ना कोणतं नाटक चालूच असतं. त्या चालू खेळात ज्याची कमतरता आहे ती वस्तू द्या. नवा खेळ सुरू करून देणारं गिफ्ट कधी लागतं कधी नाही, चालू खेळात भर घालणारं जवळपास नक्की लागतं. दुकानात उभं राहून हे कळणार नाही, मुलाकडे बघूनच कळेल.

वाशी_सेक्टर१७:
लेगो राहिलं की. आताचा तुकडा १९५८ च्या तुकड्यात बसतो, म्हणजे मोठ्या मावसभावाचा जुना डबा आणि नवीन सेट एकत्र चालतात, डुप्लोवर, म्हणजे लेगोच्याच लहान मुलांसाठीच्या मोठ्या तुकड्यांवर, पण लेगोचे तुकडे बसतात. पण कार्टूनवाले, सिनेमावाले थीम सेट घेऊ नका, ते एकदा बांधून शोपीस होतात आणि मग हात लावू नको म्हणून घरचेच ओरडतात. साधा मिक्स तुकड्यांचा बॉक्स घ्या. आणि दरवर्षी त्यातच भर घाला, दरवेळी नवं काही शोधत बसायचं नाही. सेकंडहँड पण बिनधास्त घ्या, जाळीच्या पिशवीत भरून कोमट साबणपाण्यात धुतले की झालं.

मानपाड्याची_आत्या:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मनू, तुमचं वाचून मी आज वहिनीला फोनच केला. भाची सध्या दिवसभर दुकान-दुकान आणि हॉटेल-हॉटेल खेळते, आईच्या ओट्यावरून वाट्या आणि पळी पळवते, डाळ-तांदूळ मोजून सगळ्यांना विकते, त्यावरून रोज आईची आणि तिची जुंपते. भाचा मेकॅनिक्स सोडलं तर खिडकीत असतो, त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून खाडीची बाजू दिसते, फ्लेमिंगो आले की तो आजोबांना ओढत वर नेतो.

आता भाऊ म्हणतोय की दोघांत मिळून एक सायकल दे, जरा मोठीच घे म्हणजे भाच्याची झाली की भाचीला होईल. कोणाला अनुभव आहे का? आणि कॅरम मला फार आवडला आहे, बाबा तर लगेच हो म्हणाले.

खारघर_पेडल:
सायकल हे नक्कीच वर्षानुवर्षं चालणारं गिफ्ट आहे पण भावाला सांगा, कपड्यांसारखी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका. मोठी सायकल म्हणजे पाय टेकत नाहीत, पाय टेकत नाहीत म्हणजे भीती, एकदा जोरात पडला की सायकल पार्किंगमध्ये धूळ खात उभी. मी सोसायटीत लहान मुलांना शिकवतो, न शिकलेली बहुतेक मुलं चुकीच्या मापाच्या सायकलवर असतात. पाच वर्षांच्या मुलीला साधारण १६ इंची चाक आणि आठ वर्षांच्या मुलाला २० इंची, पण वयापेक्षा पायाची उंची बघा, दुकानात सीट सगळ्यात खाली करून बसवा, दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत, ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोचली पाहिजेत. मूल सोबत नेल्याशिवाय सायकल घेऊच नका, सरप्राइज राहिलं नाही तरी चालेल.

साइड व्हीलची गरज नाही. दोन्ही पेडल काढून टाका, सीट खाली करा, पायाने जमीन ढकलत ढकलत फिरू द्या, तोल आला की पेडल परत लावा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर जोर लावून आटे खराब होतात. साइड व्हीलवर मूल तोल सांभाळायला शिकतच नाही, एका बाजूला कललेलं राहतं.

दोघांना एक सायकल म्हणजे रोज भांडण हे पण आहेच. पाच हजारांत दोन नव्या बसणार नाहीत पण सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, २० इंची सायकली मुलं दोन-तीन वर्षांत सोडतात आणि चांगल्या अवस्थेत मिळतात. ऐरोलीत खाडीची हवा आहे, चेनला तेल महिन्यातून एकदा तरी आणि पावसाळ्यात जास्त वेळा, ते काम भाच्यालाच द्या, मेकॅनिक्सवाला मुलगा आहे, आवडीने करेल.

ऐरोली_खाडीकाठ:
आत्या, भाचा फ्लेमिंगो बघायला गच्चीवर पळतो हे वाचलं आणि मला राहवलं नाही. त्याला दुर्बीण द्या! खेळण्यातली प्लास्टिकची नाही, खरी, छोटी. आमच्या मुलाला सातव्या वर्षी त्याच्या मामाने दिली, आता तो नववीत आहे आणि तीच वापरतो, रबरचं कव्हर फाटलंय, पट्टा दोनदा बदलला.

घेताना बघायच्या गोष्टी सांगतो. दुर्बिणीवर ८x२१ असं काहीतरी लिहिलेलं असतं, पहिला आकडा किती पट जवळ दिसतं तो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये. मुलांसाठी ६ किंवा ८ पटच घ्या. दुकानदार २० पट, ३० पट दाखवून भुलवतात पण जितकी पट जास्त तितका हाताचा कंपही जास्त दिसतो, पक्षी सापडतच नाही आणि मूल कंटाळतं. दुसरं म्हणजे मुलांच्या दोन डोळ्यांतलं अंतर कमी असतं, मोठ्यांच्या बऱ्याच दुर्बिणींच्या नळ्या तितक्या जवळ येत नाहीत आणि मग त्याला दोन वेगळी वर्तुळं दिसतात, म्हणून मध्ये दुमडणारी घ्या आणि त्याच्या डोळ्याला लावून बघा, एकच गोल दिसला पाहिजे. वजन कमी हवं, मानेत घालून तो तासभर फिरणार आहे. आणि सूर्याकडे कधीही बघायचं नाही हे पहिल्या दिवशीच नीट बजावून सांगा, डोळ्याला कायमची इजा होते.

तुम्ही तर जागेवरच आहात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, आणि ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र त्या मुलांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, तिथून बोटीने नेतात, भरती-ओहोटीप्रमाणे वेळा बदलतात म्हणून आधी चौकशी करून जा. गिफ्टसोबत एक बोटीची फेरी तुमच्याकडून ठेवा. दुर्बिणीतून त्याला मोठा आणि लहान फ्लेमिंगो वेगळा ओळखायला सांगा, मोठा फिकट असतो आणि त्याची चोच गुलाबी, फक्त टोक काळं, लहान जास्त गुलाबी पण त्याची चोच गडद. एकदा का हा फरक त्याला स्वतःला दिसला की मग तो प्रत्येक पक्ष्याची चोच बघायला लागतो. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे, पण पावसाळ्यात खिडकीतून घार, खंड्या, बगळे असतातच. एक दोनशे पानी वही पण द्या, तारीख, जागा, काय दिसलं. आमच्याकडच्या पहिल्या वहीत स्पेलिंग सगळी चुकलेली आहेत आणि चित्रं अप्रतिम आहेत.

दुर्बीण नको असेल तर फोल्डस्कोप पण बघा. कागदाचा घडी घालून जोडायचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या टीमने २०१४ मध्ये जगापुढे आणला, १४० पट मोठं दाखवतो. तलावपाळीच्या पाण्याचा एक थेंब त्यात बघितला तर पोरगं तासभर हलत नाही, हिरव्या शेवाळाच्या साखळ्या आणि मध्ये काहीतरी सरसर पळणारं. पण त्याला सुरुवातीला मोठ्या माणसाने सोबत बसावं लागतं, दुर्बीण तो एकटाही वापरेल.

कुडाळकर_कळवा:
भाचीसाठी भातुकली, दुसरा विचारच नको. दुकान-हॉटेल खेळणारी मुलगी आहे. सावंतवाडीची लाकडी घ्या, मोती तलावाजवळ चितार आळीत दुकानं आहेत, पोळपाट-लाटणं, जातं, चूल, खलबत्ता, आणि लाकडाची रंगवलेली फळं-भाज्या, वांगं आणि मिरची तर लांबून खरीच वाटते. ठाण्यातून कोकणकन्येने जाणारं कोणी ना कोणी ओळखीचं असतंच, त्यांना सांगा. नाहीतर पितळेची घ्या, जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांत विचारा. पितळेचं तुटत नाही, चिंचेने घासलं की परत नवं, माझ्या आईची भातुकली माझी मुलगी खेळली. सोबत एक छोटा तराजू द्या, खरा, दोन पारड्यांचा, आणि रिकाम्या डब्या. दुकानाला तराजू नसेल तर दुकान कसलं.

मानपाड्याची_आत्या:
तराजूचं एकदम पटलं! वहिनीला विचारलं तर म्हणाली आणच. एकच शंका, मी कुठेतरी वाचलं की आता खेळण्यांवर आयएसआय मार्क असायलाच हवा. मग या सावंतवाडीच्या भातुकलीवर तो कुठे असणार? रंग तोंडात गेला तर? भाची मोठी आहे पण घरी चुलत बहिणीचं बाळ येतं, ते सगळं तोंडात घालतं.

घणसोली_डॉक्टर:
बरोबर वाचलंय. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, कारखान्यात बनलेलं खेळणं घेताना तो बघाच, विशेषतः रस्त्यावरच्या आणि ऑनलाइनच्या बिननावाच्या मालाचा. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे, म्हणून भातुकलीवर मार्क नाही याचा अर्थ ती बेकायदा असा होत नाही. रंगाचं म्हणाल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा, रुमालाला रंग लागला तर घेऊ नका. ही काही लॅब टेस्ट नाही पण कच्चा रंग लगेच कळतो.

बाळ येतं म्हणून खरी भीती मला दोन गोष्टींची जास्त आहे. एक, बटण सेल, तो नाण्यासारखा चपटा. आवाज करणाऱ्या आणि लुकलुकणाऱ्या खेळण्यांत, म्युझिकच्या ग्रीटिंग कार्डात सुद्धा असतो. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, मूल वरून ठीक दिसत असलं तरी लगेच एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलला न्यायचं, थांबायचं नाही. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं नसेल तर ते खेळणं घरात नको. दुसरी, छोटी ताकदवान मॅग्नेट, दोन गिळली की आतड्याच्या दोन घड्यांतून एकमेकांना चिकटतात आणि मधला भाग चिमटला जातो. हल्ली मॅग्नेटच्या फरशांचे (मॅग्नेटिक टाइल्सचे) सेट सगळीकडे दिले जातात, चांगल्या कंपनीच्या असतील तर खेळ छान आहे, पण कडा चिरलेली फरशी दिसली की ताबडतोब टाकून द्या, त्यातून मॅग्नेट बाहेर पडू शकतं. तुमच्या भाच्याचे नटबोल्ट पण बाळ येईल त्या दिवशी वरच्या कप्प्यात.

सीवूड्सची_मनू:
डॉक्टर, बटण सेलचं लिहिलंत हे फार बरं केलंत, मी हा मेसेज आमच्या सोसायटी ग्रुपवर टाकते.

आत्या, अजून एक, गिफ्ट दिल्यावर पहिल्या रविवारी तुम्ही स्वतः जाऊन त्यांच्यासोबत खेळा. तिच्या दुकानातून सामान घ्या, भाव करा, सुट्टे नाहीत म्हणा. मुलांना खेळ कुठपर्यंत जाऊ शकतो हे मोठ्यांसोबत खेळून कळतं, नंतर ती आपापली नेतात.

मानपाड्याची_आत्या:
ठरलं एकदाचं. भाच्याला दुर्बीण आणि वही, बोटीची फेरी माझ्याकडून. भाचीला भातुकली आणि तराजू, लाकडी की पितळी ते आई ठरवणार कारण तिचा उत्साह आता माझ्यापेक्षा जास्त आहे. कॅरम बाबा स्वतःच्या पैशाने आणतायत, २९ इंची, त्यांनी भावाला दार मोजायला पण लावलं. किशोरची वर्गणी दोघांच्या नावाने वेगवेगळी की एकत्र यावर विचार चालू आहे. सायकल पुढच्या वर्षी, मुलांना सोबत नेऊन.

बालवर्ग ताई, ठोकळे मला स्वतःलाच फार हवेहवेसे झालेत, दिवाळीला दोघांत मिळून ते देईन म्हणते. आमच्याकडे किचनचं काम करणारा सुतार आहे, त्याला नेमकं काय सांगू? तो म्हणतो पॉलिश मारून चकाचक करून देतो.

कोपरखैरणे_बालवर्ग:
पॉलिश, वॉर्निश काही नको, सांगून ठेवा नाहीतर हौसेने मारेल. एकतर मुलं लहान असतात आणि दुसरं गुळगुळीत पॉलिशवर ठोकळे घसरतात, मनोरा टिकत नाही. नुसतं पॉलिश पेपरने (सँडपेपरने) घासायचं, आधी जाड मग बारीक, आणि सगळ्या कडा नि कोपऱ्यांना हलकी गोलाई. बीच किंवा रबरवूडचं लाकूड सांगा, सागाचे तुकडे उरले असतील तर तेही चालतील, लाकूड पूर्ण सुकलेलं हवं नाहीतर पावसाळ्यात वाकतं. माप त्याला मिलीमीटरमध्ये द्या, १४० बाय ७० बाय ३५, सूत-इंचात गडबड नको. पहिले तीन-चार करून आणायला सांगा, दोन निम्मे जोडून एका पूर्णाशी लावून बघा, बोटाला पायरी लागली नाही पाहिजे, मगच पुढचे. पूर्ण वीस, निम्मे बारा, दुप्पट दहा आणि त्रिकोण आठ, एवढ्यापासून सुरुवात करा. ठेवायला भाजीवाल्यांकडे असतो तसा प्लास्टिकचा क्रेट, पलंगाखाली सरकतो आणि मुलाला स्वतः ओढून काढता येतो.

आणि ऑर्डर आत्ताच देऊन टाका, गणपती ते दिवाळी सुतार फोन उचलत नाहीत.